गाठ नाही, तरी दाखवा

(आपल्या संघाच्या दिघी येथील मासिक सभेत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं भाषण. कंपनीच्या पाळीमुळे आणि शेतीच्या कामामुळे ज्या सदस्यांना येता आलं नाही, त्यांच्यासाठी इथे देत आहोत.)



सभेच्या विषयपत्रिकेत माझ्या नावासमोर फक्त "आरोग्य, २० मिनिटे" असं लिहिलंय. दशसूत्रीतला हा विषय आपण नेहमी शेवटी घेतो. बचत, परतफेड, नोंदी झाल्या की पाच मिनिटं उरतात, मग लोहाच्या गोळ्या आणि हात धुणं यावर बोलून आपण उठतो. आज मीच अध्यक्ष काकूंना विनंती केली की हा विषय आधी घ्या. कारण आज मला माझी एक चूक सांगायची आहे.

पहिल्यांदा एक शब्द. स्तन. हा शब्द मी आज पुष्कळदा म्हणणार आहे. आपण सगळ्या "छाती" म्हणतो, आणि त्यातून काय होतं ते बघा. एका ताईंनी दवाखान्यात सांगितलं, "छातीत दुखतंय." डॉक्टरांनी ईसीजी काढला, ॲसिडिटीची गोळी दिली आणि घरी पाठवलं. डॉक्टरांचं चुकलं नाही. दुखत कुठे होतं ते त्यांना कळलंच नाही, कारण आपण ते सांगितलंच नाही. तेव्हा दवाखान्यात गेल्यावर "उजवा स्तन, वरची बाजू" असं सांगायचं. लाज वाटली तर चिठ्ठीवर लिहून द्यायचं.

आता माझी चूक.

गेल्या वर्षी मी आपल्या बऱ्याच गटांत स्तनाच्या कॅन्सरची माहिती दिली. माझ्याकडे चित्रांचा तक्ता होता. त्यात एक बाई आरशासमोर उभी राहून हाताने गाठ शोधते आहे. मी सगळीकडे हेच सांगत फिरले की गाठ शोधा, न दुखणारी गाठ लागली तर लगेच दाखवा. माहिती खरीच होती. बहुतेक वेळा स्तनाचा कॅन्सर गाठीनेच कळतो. पण ती अपुरी होती, आणि ती अपुरी आहे हे मला माहीत नव्हतं.

आपल्या एका गटातल्या ताई आहेत. वय चाळीसच्या आसपास. चाकणकडच्या एका कंपनीत ठेकेदाराकडे काम करतात, उभ्याने आठ तास. त्यांनीच मला सांगितलं, "ही गोष्ट सांग, पण माझं नाव आणि गाव नको." त्या आज इथे बसल्यात की नाहीत, तेही मी सांगणार नाही. कुणी मागे वळून शोधू नका.

माउलींची पालखी आपल्या दिघीवरून पुण्याकडे गेली, त्याच आठवड्यात त्यांना एका बाजूचा स्तन जड वाटायला लागला. कातडी लालसर झाली होती आणि हात लावला की गरम लागायची. त्यांना वाटलं, पाणी वाटताना दिवसभर उन्हात उभी होते, घामोळं असेल. सासूबाईंनी रक्तचंदन उगाळून लावलं. पंधरा दिवसांनी जवळच्या दवाखान्यात दाखवलं, पाच दिवसांच्या गोळ्या मिळाल्या. लाली थोडी फिकी झाली आणि परत आली. मग दुसऱ्या गोळ्या झाल्या.

नागपंचमीच्या सुमाराला गटाची बैठक संपल्यावर त्यांनी मला बाजूला बोलावलं. म्हणाल्या, "ताई, तुम्ही तक्ता दाखवता ना, म्हणून विचारते." आणि सगळं सांगितलं. मी विचारलं, "गाठ लागते का?" त्या म्हणाल्या, "नाही, गाठ कुठेच नाही. सगळंच कडक झालंय." मी म्हटलं, "गाठ नाही ना? मग घाबरू नका. गोळ्या पूर्ण करा."

समाजकार्याची पदवी घेतलेल्या, तक्ता घेऊन फिरणाऱ्या मुलीने त्यांना हे सांगितलं. त्यांनी विश्वास ठेवला. माझ्या शब्दावर त्या एक महिना थांबल्या.

गौरी आल्या तेव्हा त्यांना काखेत सूज आली होती. गौरीची साडी नेसवताना हात वर जाईना, ते त्यांच्या गटाच्या सचिव मावशींनी पाहिलं. मावशी चौथी शिकलेल्या आहेत. त्यांनी मला फोन केला नाही, तक्ताही पाहिला नाही. म्हणाल्या, "दोन महिने झाले तरी जाईना, म्हणजे हे साधं नाही. चल." दुसऱ्या दिवशी त्या दोघी मोठ्या सरकारी दवाखान्यात सर्जनपुढे बसल्या होत्या. सर्जननी पाहिलं आणि विचारलं, "कातडी संत्र्याच्या सालीसारखी कधीपासून झाली?"

तपासणीत निघालं ते असं: दाहक स्तन कॅन्सर. डॉक्टर त्याला इन्फ्लमेटरी ब्रेस्ट कॅन्सर म्हणतात.

त्या दिवसानंतर मी वाचलं, डॉक्टरांना विचारलं, दवाखान्यातल्या समाजसेवा विभागातल्या ताईंजवळ बसले. जे समजलं ते आता तुम्हाला सांगते. नीट ऐका आणि घरी जाऊन एका तरी बाईला सांगा.

गाठ नसलेला कॅन्सर

हा दाहक कॅन्सर कमी आढळतो. अमेरिकेतल्या नोंदींप्रमाणे स्तनाच्या शंभर कॅन्सरमध्ये एक ते पाच असे असतात. पण तो वेगाने वाढतो. महिन्यांचं काम आठवड्यांत करतो.

गाठ का नसते, ते सांगते. तुमच्यापैकी पुष्कळ जणींच्या शेतात ठिबक आहे. नळीत कचरा अडकला की पाणी पुढे जात नाही, मागेच साचतं, माती फुगते. आपल्या कातडीतही बारीक नळ्या असतात, त्यांतून शरीरातला लसीका नावाचा पातळ द्रव वाहतो. या कॅन्सरच्या पेशी एका जागी गोळा न होता कातडीच्या त्या नळ्यांत जाऊन बसतात. नळ्या तुंबतात. मग स्तन सुजतो, लाल होतो, गरम लागतो, जड होतो. कातडीवर संत्र्याच्या सालीसारखे बारीक खड्डे दिसतात. हाताला गाठ बऱ्याचदा लागतच नाही. सगळा स्तनच घट्ट झाल्यासारखा वाटतो.

लाल, गरम, दुखरं. हे ऐकल्यावर काय डोळ्यांपुढे येतं? गळू. किंवा दूध साठणं. म्हणूनच हा आजार फसवतो. बाई फसते आणि कधी कधी डॉक्टरही फसतात. आपल्या आजीने सांगितलेलं असतं की कॅन्सर दुखत नाही. गाठीच्या बाबतीत सुरुवातीला ते बहुतेक वेळा खरंही असतं. पण हा दुखू शकतो. त्यामुळे "दुखतंय म्हणजे कॅन्सर नाही" हा आपला हिशेब इथे चालत नाही. आणि सावळ्या कातडीवर लाली नीट दिसत नाही. आपल्याला ती जांभळट किंवा नुसती काळपट दिसेल. तेव्हा रंगापेक्षा दोन्ही बाजूंतला फरक बघा.

आता घाबरून जाऊ नका. लाल झालेला प्रत्येक स्तन कॅन्सरचा नसतो. बाळाला पाजणाऱ्या बाईचा स्तन लाल झाला तर बहुतेक वेळा ते दूध साठल्याने किंवा जंतूंमुळे असतं आणि औषधाने बरं होतं. आपल्याकडे स्तनाचा टीबीही होतो. काही जणींना जंतूंशिवाय नुसती सूज येते, तीही महिनोन्महिने चालते. हे सगळे कॅन्सर नाहीत. पण कोणतं काय आहे हे बाहेरून बघून किंवा अंदाजाने कळत नाही, तपासूनच कळतं.

मग किती दिवस थांबायचं? मी एक सोपी खूण बांधली आहे. आपल्या भागात एकादशी कुणी विसरत नाही. एका एकादशीला स्तन लाल किंवा सुजलेला दिसला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, औषध घ्या. औषध घेऊनही पुढच्या एकादशीपर्यंत पूर्ण बरं झालं नाही, तर तिसरी एकादशी बघायची नाही. पुन्हा त्याच गोळ्या घ्यायच्या नाहीत. सर्जनकडे जायचं आणि तोंडाने विचारायचं, "डॉक्टर, याचा तुकडा तपासायला पाठवायचा का?"

"पूर्ण" हा शब्द लक्षात ठेवा. आपल्या ताईंची लाली गोळ्यांनी थोडी कमी झाली होती. कमी होणं म्हणजे बरं होणं नाही.

आणखी एक लपणारा प्रकार आहे. स्तनाग्रावर खाज, खपल्या, साल निघणं, ओलसर पाणी येणं. आपण त्याला इसब किंवा नायटा समजून मलम लावत बसतो. मलम लावून दोन-तीन आठवड्यांत गेलं नाही, आणि ते एकाच बाजूला असेल, तर तोही तपासायचा विषय आहे. त्याला पॅजेटचा आजार म्हणतात. बऱ्याचदा त्याच्या आत, स्तनात कॅन्सर असतो.

गाठ असलेला, पण घाईत असलेला कॅन्सर

दुसरा प्रकार दाहक प्रकारासारखा दुर्मिळ नाही, पण आक्रमक आहे. त्याचं नाव ट्रिपल निगेटिव्ह. मराठीत सांगायचं तर तिन्ही चाचण्या "नाही" आलेला.

स्तनाच्या कॅन्सरच्या पेशीवर कुलपं असतात असं समजा. दोन कुलपं संप्रेरकांची, म्हणजे हार्मोनची. रिपोर्टवर ती ईआर आणि पीआर अशी लिहितात. तिसऱ्याचं नाव हर-टू. ज्या कुलपाची किल्ली आपल्याकडे आहे, त्याचं औषध देता येतं. हार्मोनचं कुलूप असेल तर काही वर्षं घ्यायच्या गोळ्या असतात. हर-टू असेल तर त्याची वेगळी इंजेक्शनं असतात. तिन्ही कुलपं नसतील तर या दोन्ही किल्ल्या कामाच्या नाहीत. तिथे मुख्य भार केमोथेरपीवर.

भारतात हा प्रकार पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त प्रमाणात सापडतो. आपल्याकडे स्तनाच्या साधारण चार कॅन्सरमध्ये एक किंवा थोडे जास्त असे निघतात. तरुण बायकांमध्ये तो जास्त दिसतो. एकूणच आपल्याकडच्या बायकांना स्तनाचा कॅन्सर तिकडच्या बायकांपेक्षा साधारण दहा वर्षं आधीच्या वयात होतो. म्हणजे "माझं काय वय झालंय" हे म्हणायचं नाही.

याची गाठ भराभर वाढते आणि काही वेळा सोनोग्राफीत गोल, गुळगुळीत, साध्या गाठीसारखी दिसते. तरुण मुलींना साध्या गाठी पुष्कळ होतात आणि त्यांतल्या बहुतेक निरुपद्रवी असतात. पण दोन महिन्यांत गाठ हाताला मोठी लागायला लागली, तर जुनी सोनोग्राफी दाखवून गप्प बसायचं नाही.

इथे मला एक चांगली बातमीही सांगायची आहे, आणि ती आपल्या महाराष्ट्रातलीच आहे. मुंबईचं टाटा मेमोरियल हॉस्पिटल १९४१ साली सुरू झालं. तिथल्या डॉक्टरांनी ट्रिपल निगेटिव्ह असलेल्या सुमारे ७२० बायकांवर दहा वर्षं अभ्यास केला. नेहमीच्या केमोसोबत कार्बोप्लॅटिन नावाचं जुनं, स्वस्त औषध दिलं तर काय होतं, ते पाहिलं. डॉ. सुदीप गुप्ता यांनी २०२२ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या परिषदेत त्याचे निकाल मांडले. पन्नाशीच्या आतल्या बायकांत, जिथे हे औषध दिलं नव्हतं तिथे पाच वर्षांनी शंभरात ६६ जणी हयात होत्या. जिथे दिलं तिथे ७७. शंभरामागे अकरा बायका जास्त वाचल्या. म्हणून आक्रमक म्हणजे संपलं, असं नाही. पण हे औषध कुणाला द्यायचं, हे तीन कुलपांचा रिपोर्ट बघूनच ठरतं.

निदान कसं होतं

मोठ्या दवाखान्यात तीन गोष्टी होतात. त्या तिन्ही झाल्याशिवाय "काही नाही" हे उत्तर घेऊन घरी यायचं नाही.

पहिली, डॉक्टर हाताने आणि डोळ्यांनी तपासतात. दोन्ही स्तन आणि दोन्ही काखा. एकच बाजू पाहिली तर दुसरी दाखवा.

दुसरी, चित्र. म्हणजे सोनोग्राफी, मॅमोग्राफी. तरुण बाईचा स्तन घट्ट असतो, त्यात मॅमोग्राफीला कमी दिसतं. दाहक कॅन्सरमध्ये तर कधी नुसती जाड झालेली कातडी दिसते. त्यामुळे चित्र चांगलं आलं, पण लाली तशीच आहे, तर विषय संपलेला नाही.

तिसरी, तुकड्याची तपासणी, म्हणजे बायोप्सी. जागा बधिर करून जाड सुईने बारीक तुकडा घेतात. दाहक प्रकाराचा संशय असेल तर कातडीचाही एक छोटा गोल तुकडा घेतात. त्याच तुकड्यावर पुढे तीन कुलपांची चाचणी होते. बारीक सुईने फक्त पाणी किंवा पेशी ओढून जी तपासणी होते, तिच्यावर हे सगळं कळत नाही. म्हणून जाड सुईची बायोप्सी मागायची.

आता आपल्या प्रत्येक गटात ऐकू येणारं वाक्य: "सुई लावली की कॅन्सर पसरतो." नाही पसरत. सुई टोचल्याने कॅन्सर पसरून बाई दगावत नाही. सुई न लावता घालवलेल्या दिवसांनी मात्र तो पसरतो. ज्यांना आधीच उशीर झालेला असतो, त्यांची तब्येत पुढे बिघडते आणि दोष सुईला जातो.

दुसरी गोष्ट याहून जास्त जपायची. कुणी म्हणालं, "छोटी गाठ आहे, आत्ता काढून टाकू," तर आधी विचारा, "बायोप्सी झाली का? काढलेली गाठ कुठे तपासायला जाणार?" शरीरातून काढलेला कोणताही तुकडा लॅबमध्ये गेलाच पाहिजे, आणि त्याचा कागद आपल्या हातात आला पाहिजे. दाहक कॅन्सरमध्ये तर आधी ऑपरेशन करायचंच नसतं. आधी केमो, मग ऑपरेशन, मग शेक म्हणजे रेडिएशन. हा क्रम चुकला तर बाईचं नुकसान होतं. म्हणून निदान आधी, सुरी नंतर.

खरं काय ते सांगायला हवं. उपचार घेऊनही दाहक कॅन्सर कठीण आहे. अमेरिकेत अशा दहा बायकांपैकी साधारण चार पाच वर्षांनंतर हयात असतात. मी हा आकडा तुम्हाला घाबरवायला सांगत नाही. त्या चारमध्ये यायचं असेल तर वेळेवर दवाखान्यात पोहोचणं हा आपल्या हातातला भाग आहे, एवढंच सांगते.

तपासणीच्या शिबिराचं काय?

तुम्ही विचाराल, शिबिरात तर नर्सताई तपासतात, मग पुरे नाही का? याचं उत्तर मुंबईतच मिळालं आहे. टाटा हॉस्पिटलने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांमध्ये दीड लाखावर बायकांना घेऊन मोठा अभ्यास केला. त्यातल्या निम्म्या बायकांचे स्तन दर दोन वर्षांनी हाताने तपासले. तपासणाऱ्या कोण? दहावी शिकलेल्या, काही आठवडे प्रशिक्षण घेतलेल्या बायका. आपल्यासारख्याच. वीस वर्षांनी, २०२१ साली निकाल छापून आले. तपासलेल्या गटात आजार आधीच्या टप्प्यात सापडला. पन्नाशीच्या पुढच्या बायकांत मृत्यू सुमारे तीस टक्क्यांनी कमी झाले. म्हणजे यंत्राशिवाय, शिकवलेल्या हातांनी जीव वाचतात. आरोग्य केंद्रात तिशीनंतरच्या बायकांची अशी मोफत तपासणी व्हावी, असं सरकारचं धोरण २०१६ पासून आहे. ती करून घ्या, सोडू नका.

पण त्याच अभ्यासात पन्नाशीच्या आतल्या बायकांच्या मृत्यूंत तशी घट दिसली नाही. मला त्यातून एक गोष्ट समजली. जो आजार दोन महिन्यांत वाढतो, तो दोन वर्षांनी येणाऱ्या तपासणीची वाट बघत नाही. दोन तपासण्यांच्या मधल्या काळात आपणच आपल्या नर्सताई.

पैसा आणि रजा

आता आपल्या खऱ्या अडचणीकडे येते. आपल्या ताई दोन महिने का थांबल्या? फक्त माझ्यामुळे नाही. दवाखान्यात जायचं म्हणजे एक दिवसाचा खाडा, आणि ठेकेदाराकडे खाडा म्हणजे पगार कापणं. सोनोग्राफीचे पैसे मुलीच्या फीमधून काढायला लागले असते. हे माहीत असूनही मी नुसतं "दाखवा" म्हणून जाणं बरोबर नाही.

पहिली पायरी आपल्या जवळची. पिंपरीत संत तुकारामनगरला महापालिकेचं यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे, ज्याला आपण वायसीएम म्हणतो. पुण्यात ससून आहे. सर्जरी विभागाचा केसपेपर काढायचा.

कंपनीत कामाला असाल तर पगाराची पावती बघा. ईएसआय कापला जातो का? महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असणाऱ्यांना हा विमा लागू होतो, ठेकेदाराकडच्या बायकांनाही. चिंचवडच्या मोहननगरला ईएसआयचं रुग्णालय आहे. आजारपणाच्या रजेत रोजच्या मजुरीच्या सत्तर टक्के रक्कम वर्षात ९१ दिवसांपर्यंत मिळते. कॅन्सरसारख्या मोठ्या आजारात, किमान दोन वर्षं सलग विमा असेल आणि हप्त्यांच्या अटी पूर्ण होत असतील, तर ऐंशी टक्के रक्कम दोन वर्षांपर्यंत मिळू शकते. आपल्या ताईंचा ईएसआय चार वर्षांपासून कापला जात होता. त्यांना कार्ड कुठे आहे तेच माहीत नव्हतं. आज घरी गेल्यावर ते शोधा.

ईएसआय नसेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार, योजनेतल्या दवाखान्यात. रेशनकार्ड आणि आधार लागतं. दवाखान्यात आरोग्यमित्राचं टेबल असतं, तिथे विचारायचं. फोन करायचा तर १५५३८८. रेशनकार्डावर तुमचं नाव आहे का, आणि आधारवरच्या नावाशी जुळतं का, हे आजारी पडायच्या आधी बघा. लग्नानंतर नाव बदललेल्या किती जणींचं तिथेच अडतं.

मुंबईला टाटाला जायची वेळ आली तर रुग्णाला आणि सोबत्याला रेल्वेच्या भाड्यात सवलत मिळते. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, तिथे कॅन्सरचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक राहतात. तिथे समाजसेवा विभागाला भेटा. एकटीने काही सोसायचं नाही.

पण दाखल होण्याआधीच्या तपासण्या आणि गाडीखर्च बऱ्याचदा आपल्याच खिशातून जातात. निदान अडतं ते इथेच. म्हणून मी आज सभेपुढे दोन ठराव ठेवते.

पहिला ठराव. स्तनाच्या तपासणीसाठी कुठल्याही सदस्येला अंतर्गत कर्ज हवं असेल तर मासिक बैठकीची वाट बघायची नाही. अध्यक्ष, सचिव आणि कोषाध्यक्ष यांनी त्याच दिवशी सह्या करून रक्कम द्यावी आणि पुढच्या बैठकीत नोंद घ्यावी. कारण विचारायचं नाही, रिपोर्ट मागायचा नाही. "तपासणी" एवढा शब्द पुरेसा.

दुसरा ठराव. प्रत्येक गटाने एक सोबतीण ठरवावी. दवाखान्यात जाताना ती बरोबर जाईल. डॉक्टर बोलतात तेव्हा घाबरलेल्या बाईला निम्मं ऐकूच येत नाही. सोबतीण ऐकेल, लिहून घेईल आणि फाईल सांभाळेल. आपल्या ताईंच्या वेळी हे काम सचिव मावशींनी केलं. त्यांना लिहायला अवघड जातं, म्हणून त्यांनी नातवाला बरोबर नेलं आणि त्याच्याकडून लिहून घेतलं. तारखेप्रमाणे लावलेली ती फाईल डॉक्टरांनीही वाखाणली.

जाताना

तुम्हाला वाटेल, आपल्या ताईंचं पुढे काय झालं? केमो झाली, ऑपरेशन झालं, शेक झाला. केस गेले होते, आता परत आलेत, कुरळे आलेत. तीन महिन्यांनी तपासणीला जायचं असतं. परवा भेटल्या तेव्हा मी त्यांची माफी मागितली, तिसऱ्यांदा. त्या म्हणाल्या, "पोरी, माफी राहू दे. तो तक्ता बदल."

म्हणून मी तक्ता बदलला आहे. गाठीच्या चित्राखाली मी स्वतःच्या हाताने लिहिलंय, ते आता मोठ्याने वाचते. घरातल्या मुलींनाही वाचून दाखवा.

एका बाजूचा स्तन लाल, जांभळट किंवा गरम होणं.
थोड्या दिवसांत एका बाजूची सूज किंवा जडपणा.
कातडीवर संत्र्याच्या सालीसारखे खड्डे.
स्तनाग्र आत ओढलं जाणं, खपल्या, रक्त किंवा पाणी येणं.
काखेत किंवा गळपट्टीच्या हाडाजवळ सूज.
गाठ, दुखणारी असो की न दुखणारी.

बाळाला पाजत असाल, गरोदर असाल, वय पंचवीस असो की सत्तर, यातलं काहीही एका एकादशीपासून दुसरीपर्यंत टिकलं, तर दाखवायचं.

आणि कुणी मला बाजूला बोलावून विचारलं, तर मी आता "घाबरू नका" म्हणणार नाही. मी विचारेन, "उद्या कितीला निघायचं?"

दोन्ही ठरावांना अनुमोदन देणाऱ्यांनी हात वर करा.



(दोन्ही ठराव सर्वानुमते मंजूर झाले. गटांनी आपापल्या सोबतिणीचं नाव पुढच्या बैठकीच्या इतिवृत्तात लिहून पाठवावं.)